मध्येच उठायचं नाही

१ मार्च, शनिवार

आज जेवताना चिरंजीवांनी जाहीर केलं की आपल्या गॅरेजमध्ये भुताच्या सिनेमाचं शूटिंग होणार आहे, तेव्हा बाबांनी गाडी रस्त्यावर लावावी. मी आमटी वाढून घेत होतो. आमटी टेबलक्लॉथवर गेली आणि आमची सौ. सुप्रभा मलाच बोलली.

चिरंजीव म्हणजे कुशल. वय सत्तावीस. लीड्समध्येच जन्मला, इथेच डॉक्टर झाला, हॉस्पिटलात दोन वर्षं काढली आणि गेल्या ऑगस्टपासून ‘जरा ब्रेक’ घेतोय. मी स्वतः कन्सल्टंट अनेस्थेटिस्ट म्हणून निवृत्त झालो. माणसांना दुखू नये यातच सगळं आयुष्य गेलं. मुलानेही भुलीच्या ट्रेनिंगला जावं एवढी साधी इच्छा आहे. त्याने अर्ज केलाय. मी शेजारी खुर्ची घेऊन बसलो होतो म्हणून केलाय. महिनाअखेरीस उत्तर येईल.

आता हा सिनेमा कुठून निघाला, तर ए अँड ईमधून, म्हणजे हॉस्पिटलच्या अपघात विभागातून. तिथे कुशलकडे एकदा तवीता नावाचा रग्बी कोच खांदा निखळून आला. मूळचा सामोआचा, कमरेपासून गुडघ्यापर्यंत गोंदलेला. खांदा बसवून झाल्यावर त्याने आपल्या गोंदणाची हकिकत सांगितली. तिकडे हे काम दातेरी फणी आणि काठीने, ठक ठक ठोकून करतात. दिवसचे दिवस चालतं. दुखणं सहन न होऊन कोणी मध्येच उठला, तर ते अर्धवट गोंदण जन्मभर अंगावर राहतं आणि त्याची लाज वाटते. दुसरा कोणी डॉक्टर ‘आय सी’ म्हणून पुढच्या पेशंटकडे गेला असता. आमच्या दिवट्याला भूत सुचलं. अर्धवट राहिलेलं गोंदण पूर्ण व्हायला दुसऱ्याच्या अंगावर सरपटत जातं, अशी गोष्ट. सिनेमाचं नाव ‘डोन्ट गेट अप’.

विरोध केला तर तो हट्टाला पेटेल, हे मी त्याच्या आईकडे बघून जाणतो. म्हणून मी ठरवलंय की सामील व्हायचं, मदत करायची आणि हे प्रकरण महिन्याभरात उरकून टाकायचं. म्हणजे उत्तर येईल तेव्हा पोरगं मोकळं असेल. त्याला म्हटलं, ‘मेडिकल सल्लागार म्हणून मी आहे.’ तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. आनंद झाला असावा.

६ मार्च, गुरुवार

आज तवीता चहाला आला. दारातून आत येताना वाकला आणि तिरका झाला. त्याला राग येईल म्हणून सगळे धास्तावलेले. कुशल तर सकाळपासून त्याच्या लोकांच्या परंपरेचा आदर वगैरे पाठ करत होता. सुप्रभाने बटाटेवडे केले होते. तवीता हसतमुखाने खुर्चीवर बसला, एका हाताने वडे खात गेला आणि दुसऱ्या हाताने स्क्रिप्टची पानं उलटत गेला. संवाद इंग्रजीत झाला, पण ही रोजनिशी मराठीत आहे, तेव्हा तोही इथे मराठीत बोलेल.

शेवटचं पान झाल्यावर तो म्हणाला, “भूत चांगलं आहे. मला भीती वाटली. पण हा तुझा हिरो गोंदवायला एकटा का जातो?”

कुशल म्हणाला, “म्हणजे अंधारी खोली, एकटा माणूस, टॉर्चर.”

“याचं घरी कोणी नाही का? आई कुठे आहे याची? गाणं कोण म्हणतंय? स्वयंपाक कोण करतंय?”

मग त्याने समजावलं. गोंदवताना माणूस एकटा नसतो. जोडीदार घेऊन जायचं असतं. त्याला सोआ म्हणतात. दोघांनी आळीपाळीने आडवं व्हायचं, एकाचं चाललं असताना दुसऱ्याने शेजारी बसायचं. भोवती घरचे लोक, वारा घालणारे, गाणी म्हणणारे. सगळं पुरं झालं की घरचे अंगाला खोबरेल आणि हळद चोळतात.

“म्हणजे हळदच की,” सुप्रभा म्हणाली आणि त्याच्या ताटलीत आणखी दोन वडे घातले.

कुशलचा चेहरा पडला. त्याचा टॉर्चरचा सीन बघता बघता लग्नघर होत चालला होता. तवीता म्हणाला, “हॉरर आहे ना? मग तसंच ठेव. एकटा माणूस गोंदवायला जातो, याहून भयंकर मला तरी काही सुचत नाही.” आणि खूप हसला. फक्त एका गोष्टीला तो हसला नाही. आमची खरी नक्षी नटाच्या अंगावर काढायची नाही, ती मिळवावी लागते, असं त्याने स्पष्ट सांगितलं. कुशलने लगेच कबूल केलं.

मी डॉक्टर म्हणून विचारलं की लोकल अनेस्थेटिक का देत नाहीत. तो म्हणाला, “डॉक्टर, तुम्ही दुखणाऱ्या माणसाला झोपवता. आम्ही त्याच्या भोवती जागे बसतो.” मी म्हटलं, आमची पद्धत जास्त आरामाची आहे. त्याने मान डोलावली. माझा मुद्दा पटला असावा.

१५ मार्च, शनिवार

नक्षीचा प्रश्न सुप्रभाने सोडवला. तिने ठिपक्यांच्या रांगोळीतून एक नवीच नक्षी तयार केली. गोपद्मं, शंख, कुयऱ्या आणि मध्ये एक वेटोळं, जे मुद्दाम अर्धवट सोडलंय. आठवडाभर ती फार्मसीतून आली की हेच करत होती. मला वाटत होतं शब्दकोडं सोडवतेय. तवीताने बघितलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, “हे तुमचं आहे. हे वापरा.”

मेकअप आणि कॅमेरा अशी दोन्ही कामं दिया करते. ही लेस्टरची. बेलग्रेव्ह रोडवर तिच्या मावशीचं ब्युटी पार्लर आहे, तिथे लहानपणापासून मेंदी काढून हात बसलाय. मराठी बोलते, पण लिंगांशी तिचं भांडण आहे. आज तिला नक्षी अंगावर करून बघायची होती. हिरो म्हणजे देव, वेम्बलीचा एक तरणाबांड नट, त्याची ट्रेन रद्द झाली होती.

दिया माझ्याकडे बघून म्हणाली, “काका, तुमची पोट किती छान मोठा आहे. अँड थाइज. कॅन आय?”

सिनेमा लवकर उरकायचा तर अशी अडवणूक करून चालत नाही. मी कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे मागच्या काचेच्या खोलीत, शॉर्ट्स घालून आडवा झालो. तिने कसलंसं फळाचं जेल लावलं. कमरेपासून गुडघ्यापर्यंत तीन तास. मधूनमधून गुदगुल्या होत होत्या, पण मी हललो नाही. शेजारचे गृहस्थ बागेत कुंपण रंगवत होते. त्यांनी काचेतून आत बघितलं, हात केला आणि घरात निघून गेले.

धुतल्यावर फिकट राखी डाग दिसले. मी म्हटलं, “एवढंच? हे काही पडद्यावर दिसायचं नाही.”

दिया म्हणाली, “उद्या बघा, काका.”

१६ मार्च, रविवार

काळं झालं. अगदी काळं.

साबण, खोबरेल, लिंबू, बेकिंग सोडा, सगळं लावून पाहिलं. दियाला फोन केला. म्हणते, “डोन्ट वरी काका, शाई निघून जाणार. दोन वीक्स. कधी कधी तीन.”

बुधवारी माझी हर्नियाची तपासणी आहे.

१९ मार्च, बुधवार

तपासणीला सतीश निघाला. माझ्याच हाताखाली शिकलेला भुलीचा डॉक्टर, अतिशय आदबीचा. अजून मला सर म्हणतो. ऑपरेशनआधी बघायचं म्हणून त्याने पँट उतरवायला सांगितली. मी उतरवली.

 सतीशने आधी गोपद्मांकडे बघितलं, मग शंखांकडे, मग खिडकीकडे. मग खुर्ची ओढून माझ्या समोर बसला आणि मऊ आवाजात विचारलं, “सर, हे कधीपासून?”

मी म्हटलं, “शनिवारपासून. सिनेमासाठी आहे.”

“हो सर, हो,” तो म्हणाला. हाच सूर मी पेशंट ‘मला झोपच आली नव्हती’ म्हणाला की लावत असे. जाताना त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला.

सतीश पोटातलं कधी बाहेर काढणार नाही. त्याने फक्त बायकोला सांगितलं असेल. त्याची बायको स्वाती आमच्या महाराष्ट्र मंडळाची सेक्रेटरी आहे. संध्याकाळी ती गाजरहलवा घेऊन आली आणि मला म्हणाली, “काका, रिटायरमेंटनंतर होतं असं. आमचे सासरे उकुलेले वाजवायला लागले होते.”

सुप्रभा स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. तिच्या खांद्यांवरून वाटलं की रडतेय. जाऊन बघितलं तर हसून हसून तिला उचकी लागली होती.

२२ मार्च, शनिवार

गॅरेजमधला मुख्य सीन. मी सल्लागार म्हणून हजर होतो. पहिल्या तासातच लक्षात आलं की कुशलला दिवे कुठे लावायचे ते कळतं, पण माणूस कसा दुखतो ते कळत नाही. चार दिवस मी स्क्रिप्टवर पेन्सिलने खुणा करतोय. भूत पाठीवरून चढतं तिथे ते बेंबीवरून चढावं, पोटावरची कातडी जास्त हळवी असते, ही माझी सूचना कुशलने मान्य केली. दुपारी जेवायला बोलावलं तेव्हा मीच म्हटलं की आधी हा शॉट होऊ दे. अर्थात, उरकायचं आहे म्हणून.

तवीता प्लॅस्टिकच्या फणीने ठक ठक करत होता आणि देव चटईवर ओरडत होता. देव ओरडायचा ते गॅलरीतून खाली कुणाला तरी हाक मारल्यासारखं. मी सांगितलं, “असं नाही रे. दुखणारा माणूस आधी श्वास धरतो. आवाज मागून येतो, आणि तो पोटातून येतो.”

देव म्हणाला, “अंकल, आय हॅव अ प्रोसेस.”

मी म्हटलं, “दाखवतो.” पेशंट भुलीतून जागा होतोय का हे बघायला आम्ही मानेजवळचा खांद्याचा स्नायू चिमटीत धरून पिळतो. इजा काही होत नाही, पण माणूस येतो शुद्धीवर. मी तो धरला.

देवने श्वास धरला. मग पोटातून असा आवाज काढला की शेजारच्या कुंपणावरचं मांजर खाली पडलं. अप्रतिम. दुर्दैवाने दिया तेव्हा बॅटरी बदलत होती.

देव उठला, जॅकेट घातलं, कुशलला म्हणाला की असल्या सेटवर मी काम करत नाही, आणि साडेतीनच्या ट्रेनने लंडनला गेला. मी दोन वेळा सॉरी म्हणालो. स्नायू पिळण्याआधी पेशंटला कल्पना द्यायची असते हे मान्य आहे, पण मग उपयोग काय.

२३ मार्च, रविवार

देव फोन उचलत नाही. कुशल मला त्यावरून एक शब्दही बोलला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. “चहा घेणार, बाबा?” असं फार नीट विचारतो.

२७ मार्च, गुरुवार

उत्तर आलं. कुशलला भुलीच्या ट्रेनिंगची जागा मिळाली, तीही यॉर्कशायरमध्ये. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत हो किंवा नाही कळवायचं आहे.

तो स्वतःच माझ्या खोलीत आला. म्हणाला, “काँग्रॅट्स, बाबा.” त्याने माझं अभिनंदन का केलं ते कळलं नाही. मग म्हणाला, “मी हो म्हणतो. फिल्म तर झालीच नाही. हिरो नाही, एंड नाही. इट्स ओके. तुमचंच बरोबर होतं.”

मला हवं होतं ते सगळं झालं. महिन्याच्या आत, ठरवल्याप्रमाणे. मी मिठी मारली, त्याने मारू दिली. सुप्रभाला सांगितलं की आज गोड कर. ती म्हणाली, “फ्रिजमध्ये स्वातीचा हलवा आहे, घ्या.” आणि वर निघून गेली. हलवा चांगला होता. दोन वाट्या खाल्ला. बहुधा त्यामुळेच छातीत जळजळ होतेय.

२८ मार्च, शुक्रवार

जळजळ गेली नाही. गॅव्हिस्कॉन घेतलं, तरी नाही.

दुपारी गॅरेजमध्ये गेलो. कुशल दिव्यांच्या वायरी गुंडाळत होता. एकेक वायर सारख्या वेटोळ्यात, खाली ठेवायची, दुसरी घ्यायची. लहानपणी पाय मोडला होता तेव्हा प्लास्टर घालताना तोंड असंच मिटून बसला होता. दिया खोक्यांना टेप लावत होती. तवीता आपली चटई न्यायला आला होता. त्याने चटई उचलली, खांद्यावर घेतली आणि दारातच थांबला.

मी विचारायचं म्हणून विचारलं, “तुमच्याकडे कोणी मध्येच उठतो, त्याचं पुढे काय होतं?”

“जगतो तो. नोकरी करतो, लग्न करतो. पण पोहायला जात नाही.” मग म्हणाला, “लाज त्याला एकट्याला नसते, डॉक्टर. घरच्यांनाही असते. आपण शेजारी बसलो असतो तर हा उठला नसता, असं त्यांना वाटत राहतं.”

मला या माणसाचा राग येतो. वडे खायला येतो आणि असं काहीतरी बोलून जातो.

त्याच्या खांद्यावरची चटई मी ओढून घेतली. तसा त्याच्या खांद्यावरून काही ओढून घेण्याइतका मी बळकट नाही, त्याने दिली. ती जमिनीवर अंथरली, ट्राउझर्स उतरवल्या आणि आडवा झालो. गॅरेजची जमीन मार्चमध्ये फार गार असते.

कुशल म्हणाला, “बाबा, काय करताय?”

मी म्हटलं, “नक्षी अजून अंगावर आहे. दियाने जरा गडद केली की झालं. हिरो मी. अर्धवट टाकायचं नाही.”

“पण हिरो ट्वेंटी-फाइव्ह आहे.”

“आता चौसष्टचा कर. उशिरा सुचलं म्हण.”

दिया हळूच म्हणाली, “कुशल, काकाचा बॉडी खूप रिअल आहे.” मुलगी गुणी आहे.

“आणि एकट्याला जाऊ देऊ नको,” मी म्हटलं. “घरचे लोक पाहिजेत. उद्या मंडळाची पाडव्याची रिहर्सल आहे चर्च हॉलमध्ये, तिथे तीस बायका आयत्या मिळतील, गाणाऱ्या. माझ्या शेजारी सोआ म्हणून तू झोप. सिनेमात मध्येच उठून पळतो तो तूच. कॅमेरा दिया बघेल.”

 कुशलने गुंडाळलेली एक वायर सोडली.

हे मी का केलं याचा शांतपणे विचार केला. कारण उघड आहे. सिनेमा पुरा झाला की त्याच्या डोक्यातून निघेल आणि ऑगस्टमध्ये तो निर्धास्त मनाने ट्रेनिंगला जाईल. मनात रुखरुख ठेवून कोणी चांगला अनेस्थेटिस्ट होत नाही. दोन्ही गोष्टी साधल्या. जळजळही थांबली. गॅव्हिस्कॉनला जरा वेळच लागतो.

२९ मार्च, शनिवार

सगळं नीट लिहून ठेवतो, कारण मंडळात वेगळी हकिकत पसरणार.

हॉलमध्ये एका कोपऱ्यात चहाची मोठी किटली, दुसऱ्या कोपऱ्यात उद्याच्या गुढीची काठी, आणि मध्ये चटईवर मी. स्वातीने मला नक्षीसकट बघितलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. “म्हणजे खरंच सिनेमा होता,” असं तीन वेळा म्हणाली. नऊवारी नेसलेल्या बायका भोवती गोल करून बसल्या. कुशलने त्यांना सांगितलं की दुःखी आणि गूढ असं काहीतरी म्हणा. त्यांनी भोंडल्याची गाणी सुरू केली. कुशलने हात जोडले. तवीताने डोळे मिटले आणि म्हणाला, “हेच.” नंतर कॅमेऱ्यातून मी स्वतः बघितलं. गोल करून, टाळ्या देत, हसत गाणाऱ्या बायका आणि मध्ये मांडीवरच्या काळ्या वेटोळ्याकडे बघणारा म्हातारा. अंगावर काटा आला.

सुप्रभा माझ्या उशाशी बसून पदराने वारा घालत होती. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. कुशल शेजारी आडवा झाला. मी त्याचा हात धरला. तसं स्क्रिप्टमध्ये होतं. दिया नंतर म्हणाली की नव्हतं, पण तिला मराठीतल्या खुणा वाचता येत नाहीत.

ठक ठक सुरू झालं. माझ्या किंकाळीची वेळ आली. मी श्वास धरला, पोटातून जोर लावला. खोकला आला. परत केलं. ढेकर आली. उभं आयुष्य माणसांच्या किंकाळ्या थांबवल्यावर ती स्वतःची अशी हुकमी निघत नाही. पाचव्यांदाही काही बाहेर आलं नाही. बायकांची गाणी संपत आली होती, हॉल पाचपर्यंतच होता आणि नंतर तिथे कॅरम क्लब येणार होता.

सहाव्या वेळी गाणं चालू असताना कुशल माझ्या कानाशी आला. ओठ फारसे न हलवता म्हणाला, “बाबा, एक सांगायचं आहे. मी सकाळी जॉबला नो पाठवलं. काल तुम्ही अर्धवट टाकायचं नाही म्हणालात ना. आय वॉन्ट टू डू धिस. पोटापुरती लोकम करीन, बदली डॉक्टर म्हणून. सॉरी, बाबा.”

मी श्वास धरला.

त्यानंतरचा आवाज कोणी काढला ते मला सांगता येणार नाही. माझ्या तोंडून आला हे सगळ्यांनी पाहिलं. बायका थांबल्या. स्वातीच्या हातातला खोबरेलाचा वाडगा पालथा झाला. चर्चचे केअरटेकर दार उघडून धावत आले आणि माझ्या मांड्या बघून तसेच उलटे गेले. तवीताच्या हातातली फणी थांबली.

मी उठणार होतो. कोपरावर अर्धा उठलोसुद्धा होतो. उठून त्याला दंडाला धरून बाहेर न्यायचं, फोन लावायचा, चूक झाली म्हणायचं, अजून पाच वाजले नव्हते.   सुप्रभाकडे बघितलं आणि कळलं की हिला सकाळपासून माहीत आहे. ती वारा घालत राहिली.

कुशल माझ्याकडे बघत होता. माझा हात त्याने सोडला नव्हता. दुखलं. कुठे ते डॉक्टर असून मला सांगता येत नाही, पण चांगलंच दुखलं. हा हुशार मुलगा, आणि माझी जागा, माझ्या हॉस्पिटलातली, माझ्या दिव्यांखालची, त्याने सकाळी चहा पिता पिता परत करून टाकली.

मी परत आडवा झालो.

“चालू ठेव,” मी तवीताला म्हटलं.

ठक ठक सुरू झालं. बायकांनी खालच्या आवाजात गाणं धरलं. स्क्रिप्टप्रमाणे कुशलने आता उठून पळायचं होतं. तो उठला नाही. दिया कॅमेऱ्यामागून हळूच म्हणाली, “कुशल, गेट अप, तुझी पळणं आहे आता.” तो तसाच पडून राहिला आणि शॉट संपला. पळणाऱ्याच्या मागे निघालेलं भूत आता कुठे जाणार, हा प्रश्न सिनेमात राहिलाच आहे. मी कुशलला म्हटलं, भुताला स्वातीच्या अंगावर पाठव.

मग सगळ्यांनी हळद चोळली. खोबरेल सांडल्यामुळे सनफ्लॉवर तेल वापरलं. कुशलने स्वतः माझ्या गुडघ्यांना लावलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, कारण हळद डोळ्यांत गेली. सुप्रभा म्हणाली की हळद फक्त गुडघ्यांना लावली होती. हळद उडते.

कॅरम क्लबचे लोक दारात येऊन थांबले होते. तवीता त्यांना सुप्रभाने आणलेले वडे देत होता. मी चटईवर बसूनच कुशलला विचारलं, “आता पुढे काय?”

“एडिटिंग, बाबा. सगळं शूट केलेलं बघायचं, नको ते कापायचं. तीनेक महिने. एकट्याने खोलीत बसून.”

“दुखतं का त्यात?”

“खूप.”

“मग माझी खुर्ची आत घे,” मी म्हटलं. “मी शेजारी बसतो.”